खातं तिथेच आहे

“आजोबा, ह्यात आमची बँक कुठाय?” समृद्धीने विचारलं आणि पंढरीच्या हातातली पेन्सिल तक्त्याच्या मधल्या ओळीवर थांबली. ओट्यावर सतरंजी पसरलेली होती, शेजारच्या इमारतीची सावली अंगणात उतरत होती, आणि एमआयडीसीकडून येणारा वास, जो डोंबिवलीत राहणाऱ्या कोणालाच आता येत नाही, तो त्या क्षणी त्याला एकदम आला. कडवट, जिभेच्या मुळाशी बसणारा. प्रश्न साधा होता. मुलगी शेकडेवारी शिकत होती, आणि शेकडेवारीसाठी पंढरी तिच्यापुढे शाळेचं पुस्तक ठेवत नसे. दरवर्षी देशाच्या मोठ्या बँकेचा वार्षिक अहवाल निघाला, की नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून तो त्यातली तक्त्यांची पानं छापून आणायचा. पुस्तकातले आकडे कोणीतरी गणितासाठी बनवलेले असतात, हे आकडे खरे असतात, असं तो मुलांना सांगे. किती नोटा छापल्या, किती फाटक्या नोटा मोडीत काढल्या, किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या. गेल्या वर्षीपेक्षा किती टक्के वाढ, ते काढा. मुलांना फाटक्या नोटांचं गणित सगळ्यांत आवडे. आज त्याने न बघता पुढचं पान दिलं होतं आणि त्या पानावर परवाना रद्द केलेल्या सहकारी बँकांची संख्या होती. “ही संख्या आहे ना,” तो म्हणाला, “त्यातली एक आपली.” समृद्धीने आकड्यावर बोट ठेवलं. “नाव नाय लिहिलंय?” “नावं नसतात इथे.” “मग ती आमचीच आहे, हे तुम्हाला कसं माहीत?” तो हसला. शिकवणाऱ्याने असंच हसायचं असतं. “आधी शेकडेवारी काढ,” तो म्हणाला. तिने काढली. गेल्या वर्षीपेक्षा परवाने कमी रद्द झाले होते. “म्हणजे चांगलं झालं ना?” तिने विचारलं, आणि तो म्हणाला, “बरोबर.”

ती गेल्यावर त्याने पानं गोळा केली. त्याच मोठ्या बँकेत त्याची सगळी नोकरी झाली होती, आणि तो ज्या विभागात शेवटी होता, तिथे ह्याच अहवालाचे मसुदे तयार होत. वर्षभर बँकेने काय केलं, संचालक मंडळाच्या बैठका कुठे झाल्या, समित्यांनी काय ठरवलं, मागच्या वर्षी जे करू म्हटलं होतं त्यातलं किती पार पडलं, हे सगळं ओळीने मांडायचं आणि सरकारला सादर करायचं. ठरवलेली कामं आणि त्यांच्यापुढे ‘पूर्ण’ हा शब्द. त्या शब्दाचा त्याला अभिमान होता. आपण जनतेला हिशेब देतो, असं त्याला मनापासून वाटे. मिठागरात राबणाऱ्या बापाच्या मुलाला तसं वाटणं साहजिक होतं. बापाच्या पायांच्या भेगांत मीठ शिरलेलं असे आणि रात्री तो पाय कोमट पाण्यात सोडून बसे. पंढरी नोकरीला लागला त्या दिवशी बापाने विचारलं होतं, तिथं काय विकतात? काही विकत नाहीत, पंढरी म्हणाला होता, दुसऱ्या बँका नीट चालतात का ते बघतात. बाप समाधानाने म्हणाला, मंजे मुकादम. गावात मग तेच रुजलं. आपला पंढरी सगळ्या बँकांचा मुकादम. पहिल्याच दिवशी साहेबाने एका कागदावर सही घेतली होती, की कामात जे कळेल ते बाहेर बोलणार नाही. ती सही करताना त्याला आपण उंच झाल्यासारखं वाटलं होतं. गावात गुपित असं काही नव्हतंच; कोणाच्या घरात काय शिजलं, तेही विहिरीवर कळायचं. आता त्याच्याकडे एक बंद खोली होती आणि तिची किल्ली फक्त त्याच्याकडे होती.

मग जमिनी गेल्या. रस्त्याला गेल्या, इमारतींना गेल्या, आणि गावात पैसा आला. तो ठेवायला गावाने नाक्यावरची सहकारी बँक धरली, कारण तिच्या काउंटरवर बसणारी पोरं गावातलीच होती आणि पेढीवर आगरीतून बोललेलं चालत होतं. पंढरीचंही खातं तिथेच होतं. एके दिवशी, तो तपासणीच्या विभागात असताना, त्याच्या टेबलावर त्याच बँकेच्या तपासणीची फाइल आली. त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि तो उठला. वरिष्ठांना म्हणाला, सर, ही माझ्या गावची बँक आहे, माझं खातं आहे, मी हे हाताळणं योग्य नाही. वरिष्ठांनी पाठीवर थाप मारली, फाइल दुसऱ्याकडे दिली. नियमात बसेल असंच सगळं झालं. पण दोन पानं वाचून झाली होती. खोट्या कर्जदारांची नावं होती, अध्यक्षांच्या मेहुण्याच्या गोदामाचा तोच तोच पत्ता होता. घरी आल्यावर त्याने पासबुक कपाटातून काढून पाहिलं आणि परत ठेवलं. उद्या जाऊन पैसे काढावेत, असं मनात आलं होतं. नाही असं नाही. पण ते त्या दोन पानांचा फायदा घेणं झालं असतं. बाकीच्यांना जे ठाऊक नाही त्यावर आपलं घर वाचवणं झालं असतं. त्याने पैसे काढले नाहीत. आपण शुद्ध राहिलो, असं त्याला वाटलं, आणि त्या शुद्धपणात एक गारवा होता, माठातल्या पाण्यासारखा. बायको तेव्हा होती. तिला त्याने यातलं काही सांगितलं नाही, आणि ती गेली ती हे न कळताच गेली.

पण गाव त्याच्याकडे बघत होतं. हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं आणि आलं नाही. गावात कोणी बँकेचा ताळेबंद वाचत नव्हतं, बाहेर लावलेला परवाना वाचत नव्हतं. ते पंढरीला वाचत होते. तो पासबुक भरायला गेला की काउंटरमागची पोरंही जरा ताठ बसत. पुतणी रुपालीच्या हळदीला मांडवात माणसांचा कालवा चालला होता, मागच्या दारी बायका तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, आणि कलावतीवहिनी धवले, ती लग्नातली विधीची गाणी, म्हणून दमून पाटावर बसली होती. वहिनी म्हणजे त्याच्या चुलतभावाची बायको, समृद्धीची आजी, आणि गावाची धवलारीण. लग्नाचे विधी तिच्या गळ्यातून जायचे, भटजी नंतर. तिने मांडवात नाव घेतल्याशिवाय देवही येत नाहीत, अशी समजूत, आणि तिने कोणाच्या घराबद्दल काही म्हटलं तर तिथे सोयरीक जुळायची किंवा मोडायची. तिने त्याला हाताने जवळ बोलावलं. “भावजी, यो पैसा आलाय जमिनीचा. ती बँक बरी हाय ना? लोक मना इचारतान.” पंढरीच्या कानात ढोल वाजत होते. बँक बरी आहे असं तो म्हणू शकत नव्हता, ते खोटं होतं. बरी नाही असंही म्हणू शकत नव्हता. तिथे त्याची सही होती. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो म्हणाला, “माझं खातं तिथेच आहे, वहिनी.” वाक्य शंभर टक्के खरं होतं. ते तोंडातून निघताच त्याला सुटल्यासारखं वाटलं, एखादं अवघड उदाहरण सोडवून झाल्यावर वाटतं तसं. वहिनीने मान डोलावली आणि हळदीने भरलेला हात त्याच्या बाहीला पुसला. “मंग जाला,” ती म्हणाली. पुढच्या लग्नसराईत ती प्रत्येक मांडवात हेच सांगत फिरली.

बँकेवर निर्बंध आले तेव्हा शटरला चिकटवलेला कागद वाचायला लोकांनी पंढरीलाच बोलावलं. त्याने मोठ्याने वाचून दाखवला, अवघड शब्द समजावून सांगितले. विम्याची ठरलेली रक्कम पुढे मिळाली, त्यावरचं सगळं गेलं, आणि शेवटी परवानाही गेला. पंढरी तोवर निवृत्त झाला होता, आणि निवृत्तीचं सगळं त्याच खात्यात जमा होऊन तिथेच राहिलं होतं. लोकांनी त्याला शिव्या दिल्या नाहीत. उलट घरी येऊन बसले, चहा प्याले, म्हणाले, साहेब, तुमच्यासारख्या माणसाला पण फसवला त्यांनी, मग आमी कोन. त्याच्या बुडालेल्या पैशांनी त्याला सगळ्यांच्या पंगतीत आणून बसवलं. शिव्या वहिनीला पडल्या. कारण बँक बरी आहे, हे पंढरीने कोणाला सांगितलं नव्हतं. घरोघरी ते कलावतीच्या तोंडून गेलं होतं. तिच्या तोंडातच खोट आहे, असं कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळे म्हणू लागले. विकीच्या हळदीला, तिच्या सख्ख्या नणंदेच्या नातवाच्या, खडवलीकडची धवलारीण गाडी पाठवून आणली. वहिनी त्या दिवशी तापाचं निमित्त करून घरात राहिली. मांडव घरासमोरच होता. त्या बाईचा आवाज स्पीकरवरून येत होता आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून, ओठ न हलवता, पुढची ओळ आधीच म्हणत असावी; तिच्या गळ्याची शीर हलताना पंढरीने पाहिली होती. तो तिच्यासाठी पेज घेऊन गेला होता. “तुजा पन गेला ना सगला,” ती त्याला म्हणाली. “तुना कोन हाय आता. पोरीला शिकाय धारतंय तुज्याकरे, तेवराच तुज्या घरान आवाज.” आणि त्याने ते ऐकून घेतलं होतं.

तेव्हापासून त्याच्या मनात एकच गोष्ट होती. वहिनीचा शब्द तिला परत मिळवून द्यायचा. बाकी पैसा, न्याय, ज्याला जे हवं ते. समृद्धीने तक्त्यावर बोट ठेवलं त्या दिवसापासून तर त्याला रात्रीचं जेवण जाईना. म्हणून मोठ्या बँकेचा ठेवीदार जागृतीचा कार्यक्रम ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका सभागृहात आहे असं कळलं, तेव्हा चूक तपासणाऱ्यांची होती हे सगळ्यांसमोर निघालं तर वहिनीवरचा बोल उतरेल असं वाटून तो स्वतःहून सगळ्यांना म्हणाला, चला, मी प्रश्न विचारतो. गावातला तानाजी आला, वहिनी आली, आणखी पाच-सहा जण टेम्पोने आले. दारात एक मुलगी प्रत्येकाला टोपी, पाण्याची बाटली आणि अभिप्रायाचा कागद देत होती. कागदावर हसरा, सरळ आणि रडका असे तीन चेहरे होते, एकावर खूण करायची. स्टेजवर रोवेना होती. ठाण्याच्या जुन्या चर्चजवळची, नोकरीला लागली तेव्हा पंढरीच्या हाताखाली होती. मसुद्यात कुठलं वाक्य ठेवायचं आणि कुठलं काढायचं हे त्याने तिला शेजारी बसवून शिकवलं होतं. त्याला पाहून ती खाली आली, वाकली. “सर, तुम्ही! आधी कळवलं असतं तर स्टेजवर बसवलं असतं.” “मी ठेवीदार आहे आज,” तो म्हणाला. तिला ते विनयाचं वाटलं, ती हसली.

तिने छान समजावून सांगितलं. ओटीपी कोणाला देऊ नका, जास्त व्याजाला भुलू नका, तक्रार कशी करायची. मग म्हणाली, ठेवीदारांनी सजग असलं पाहिजे. तानाजी उठला. केमिकल कंपनीत आयुष्य काढलेला माणूस, बोलताना दर वाक्याला खोकायचा. “मॅडम, बँकेला लायसन तुमचं. दर वर्षी तपासायला माणसं तुमची. मग आम्ही सजग राहून काय करायचं होतं? खिडकीतून बघत बसायचं?” लोक हसले. रोवेनाही हसली, म्हणाली, काका, तुमचा राग समजू शकते. मग पंढरी उठला. प्रश्न त्याने मनात घोळून ठेवला होता. “तपासणीत गंभीर दोष आढळल्यापासून निर्बंध लागू होईपर्यंतच्या मधल्या काळात ती बँक ठेवी स्वीकारत होती. त्या मधल्या काळात ज्यांनी ठेवी ठेवल्या त्यांच्याविषयी वार्षिक अहवालात कुठे लिहिलं जातं?” रोवेनाने माइक दुसऱ्या हातात घेतला. “सर, तुम्हाला माहीतच आहे,” ती म्हणाली. “दोष आढळताच जाहीर केले तर त्याच दिवशी बँकेपुढे रांग लागेल. सुधारू शकली असती ती बँकही बुडेल, शेजारची चांगली बँकही बुडेल. सगळ्या ठेवीदारांच्या हितासाठीच हे गोपनीय ठेवावं लागतं.” पंढरी खाली बसला. उत्तर बरोबर होतं. त्यातला शब्दन् शब्द त्याच्या ओळखीचा होता. हे उत्तर त्यानेच तिला शिकवलं होतं, आणि आजही दुसरं काय सांगता येईल हे त्याला सुचत नव्हतं. मागून तानाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “जबरा बोललात साहेब. मॅडमचा चेहरा बघितला का?” कोणाला काही कळलं नव्हतं. गावाला आपला माणूस मोठ्या लोकांच्या भाषेत भांडला, एवढंच दिसलं होतं. जाताना रोवेना हळूच म्हणाली, “सर, तुम्ही तरी हे विचारायला नको होतं,” आणि अभिप्रायाचे कागद गोळा करायला गेली. पुढच्या अहवालात हा एक कार्यक्रम म्हणून मोजला जाईल, पंढरीला वाटलं. उपस्थिती चांगली. ठरवलेलं काम, पूर्ण.

“मी जरा बसतंय,” वहिनी म्हणाली. बाकीचे टेम्पो शोधायला गेले आणि ती दोघं तलावपाळीच्या कठड्याशी जाऊन बसली. पाण्यात हंसाच्या आकाराच्या होड्या फिरत होत्या, त्यांत पोरं किंचाळत पाय मारत होती. वहिनीच्या डोक्यावर अजून ती टोपी होती, पदराच्या वरून घातलेली. “भावजी,” ती पाण्याकडे बघत म्हणाली, “तो मदला काल बोललास, तो कवाचा?” पंढरीने हातातल्या बाटलीचं झाकण फिरवलं. “त्या बाईला तू बोललास, दोष मिलाले, मंग मदला काल, मंग बंद. दोष मिलाले ते तुना कवा ठावूक जाला?” सबंध सभागृहात हे तिच्या एकटीच्या लक्षात आलं होतं. प्रश्नात तारीख नव्हती, नाव नव्हतं. पण जिला लग्नाचे सगळे धवले तोंडपाठ होते तिला मधली सुटलेली ओळ ऐकू आली होती. “रुपालीच्या हलदीला मी तुना इचारलं, तवा तो मदला काल चालू व्हता?”

“हो, वहिनी,” तो म्हणाला.

एक होडी कठड्याला येऊन आपटली आणि पोरं परत किंचाळली. पंढरी सांगू लागला. ती दोन पानं, ती सही, फाइल परत केली ते, स्वतःचे पैसे काढले नाहीत ते. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की तो पायरीपायरीने समजावून देतो आहे, मुलांना देतो तसं, आणि प्रत्येक पायरी बरोबर आहे. त्याने थांबायला हवं होतं, पण शेवटच्या पायरीपर्यंत गेल्यावरच तो थांबला. वहिनी म्हणाली, “तू बोललास, माजा खाता तिथंच हाय.” “तिथेच होतं.” “व्हता. खोटा नाय बोललास.” “नाही.” “खोटा बोलला असतास तर बरा जाला असता,” ती म्हणाली. “खोटा मना कलतो. माणसाचे तोंडावर कलतो. तुजे तोंडावर मना काय दिसला नाय, कारन खराच व्हता तो.”

“मी गावात सांगतो,” पंढरी म्हणाला. “गावदेवीच्या पटांगणात सगळ्यांना बोलावून सांगतो. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. तुमच्यावरचा बोल जाईल.” तिने पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं. रागाची वाट बघत होता तो, पण तिथे नुसता थकवा होता. “नको,” ती म्हणाली. “आता लोक बोलतान, कलावती येरी, पंढरीचे तोंडाला भुलली, नि पंढरी पन बुराला. तू सांगशील तर बोलतील, दोगं मिलालेली. एकाच घरची. मना तोंड लपवाय येवरीशी जागा हाय, ती पन तू घेशील.” मग म्हणाली, “तुना मोकला व्हायचा हाय. हो ना? मना नाय करायचा तुना मोकला.” टेम्पोचा हॉर्न वाजला. तानाजी लांबून हात हलवत होता. वहिनी कठड्याला धरून उठली. पंढरीने आधाराला हात पुढे केला, तो तिने धरला नाही. “पोरगी येल सकाली,” ती म्हणाली. “तिला शिकव. पन असा शिकव का कोनाचे तोंडाकरे बघून तिना चालाय नको. तुज्या पन.” टेम्पोत ती पुढे ड्रायव्हरजवळ बसली. मागे सगळे पंढरीच्या प्रश्नाबद्दल बोलत होते, आणि कोणीतरी त्याला खिडकीजवळची चांगली जागा दिली.

रविवार होता, म्हणून समृद्धी सकाळीच आली. दप्तर ओट्यावर टाकलं, पाणी मागितलं, काल ठाण्याला आजीला टोपी मिळाली ते सांगितलं. पंढरीने तिला फाटक्या नोटांचं गणित दिलं. ती जीभ दातांत धरून सोडवत होती. त्याने तिच्या खांद्यावरून पाहिलं. भाजक नीट मांडलेला, दशांश चिन्ह जागेवर. “बरोबर,” तो म्हणाला, “पुढचं घे.” तिने पुढचं घेतलं नाही. वहीच्या समासात आकडे पुन्हा लिहून ती पहिल्यापासून भागाकार करायला लागली. “अगं, बरोबर आहे म्हटलं ना मी?” “हो,” ती म्हणाली, मान वर न करता. “पण आजी बोलली, आजोबा बरोबर म्हणाले ना, तरी आपलं आपण परत करून बघायचं.” तिच्या आवाजात काही नव्हतं, आजीने सांगितलेली, केसांना तेल लावण्यासारखी एक गोष्ट. पेन्सिलीचा कागदावर घासल्याचा आवाज येत होता. हे असंच करावं असं त्याने आजवर किती मुलांना सांगितलं होतं आणि एकानेही केलं नव्हतं. त्याने बरोबर म्हटलं की पोरं खूश होऊन पुढे पळत. उत्तर तेच येणार हे त्याला ठाऊक होतं. तरी ती शेवटच्या आकड्याजवळ आली तेव्हा तो वहीवर वाकला. उत्तर तेच आलं. समृद्धीने दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी धरून पाहिली, स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केली, आणि पुढच्या गणिताकडे वळताना वही त्याच्या नजरेसमोरून थोडी आपल्याकडे ओढून घेतली.